घडी नेमकी कुठे पडते? फोल्डिंग खाटा, आरामखुर्च्या आणि ‘पहिल्यांदाच’ हा शब्द

सिनॉप्सिस लिहायला बसलात की तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात एक वाक्य हमखास येतं: ‘या विषयावर आजवर संशोधन झालेले नाही.’ लिहिताना बरं वाटतं. आरआरसीसमोर पहिला प्रश्न मात्र त्याच वाक्यावर येतो, आणि तिथे ‘सर, मला गुगलवर सापडलं नाही’ हे उत्तर चालत नाही.

या वाक्याची चिकित्सा आज मी कुणाच्या सिनॉप्सिसवरून करणार नाही, फोल्डिंग खाटेवरून करणार आहे. हसू नका. खाट निवडायला कारणं आहेत. ही वस्तू तुम्ही हाताळलेली आहे, तिच्यात बोट चेमटवून घेतलेलं आहे. तिचे भाग हाताच्या बोटांवर मोजता येतात. तिची जुनी पेटंटं घरबसल्या फुकट वाचता येतात. आणि या वस्तूबद्दल जे लिहिलं जातं त्यात ‘पहिला’, ‘पहिली’, ‘पहिल्यांदाच’ या शब्दांचा इतका सुळसुळाट आहे की प्रायर आर्ट म्हणजे काय हे शिकायला याहून सोपं मैदान नाही.

आधी खाटेचं गणित समजून घेऊ, कारण त्याशिवाय कुणी काय शोधलं हे कळणारच नाही.

कापडाची खाट म्हणजे दोन लांब दांडे आणि त्यांच्यामध्ये ताणलेलं कापड. तुम्ही आडवे झालात की कापड झोळतं, आणि झोळताना दोन्ही दांड्यांना आत खेचतं. किती जोराने? समजा ७० किलो वजन साधारण सारखं पसरलंय, दांड्यांमधलं अंतर ६५ सेंमी आहे आणि मधोमध झोळ १० सेंमीचा आहे. वजन गुणिले अंतर, भागिले झोळाची आठपट. उत्तर येतं सुमारे ५७ किलो. आता झोपणाऱ्याला सपाट खाट हवी म्हणून झोळ निम्मा केला, ५ सेंमी, तर हा ओढा दुप्पट होतो, जवळजवळ ११४ किलो. म्हणजे खाट जितकी सपाट, तितका सांगाडा मजबूत हवा. आणि सांगाडा जितका मजबूत, तितकी ती उचलायला जड. हलकी आणि सपाट या दोन्ही गोष्टी एकाच खाटेला फुकटात मिळत नाहीत. या क्षेत्रातले निम्मे शोध या एका भांडणातून आले आहेत.

कैचीचे पाय हा त्यावरचा जुना आणि फार हुशार उपाय आहे. पाय एकमेकांना छेदून मधे खिळीवर जोडलेले असतात. वरून वजन आलं की कैची फाकायला बघते, म्हणजे दांड्यांना बाहेर ढकलते. कापड त्यांना आत खेचतं. दोन्ही जोर वजनाबरोबरच वाढतात आणि एकमेकांना धरून ठेवतात. माणूस जड असेल तर ताणही त्या प्रमाणात जास्त, वेगळा स्क्रू पिळायला नको.

दुसरी गाठ मधल्या घडीची. साडेसहा फुटांचा दांडा कुणी प्रवासात नेत नाही, तो मधे दुमडावा लागतो. पण दुमडायची जागा म्हणजे बिजागरी, आणि ती नेमकी कंबरेखाली येते, जिथे वजन सगळ्यात जास्त. अमेरिकी सैन्यातली लाकडी कॅन्व्हास खाट पाहा: दांडे मधोमध बिजागरीवर मोडतात आणि कैचीच्या तीन जोड्यांपैकी एक बरोबर तिथे येते. तो मधला पाय काढा, खाट संपली.

आता प्रश्न विचारतो. हा मधला पाय कुणाचा शोध?

तुतनखामेनच्या थडग्यात, जे १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टर यांना सापडलं, एक पलंग होता. तो तीन भागांत दुमडतो, त्याला ब्राँझच्या बिजागऱ्या आहेत आणि घडीच्या जागी खाली आधाराला पाय आहेत. तीन हजार तीनशे वर्षांपूर्वीचं काम. म्हणजे ‘घडी जिथे, आधार तिथे’ हे ज्ञान तेव्हाच सुताराच्या हातात होतं. मग त्यानंतर जगात शेकडो लोकांनी घडीच्या पलंगांवर पेटंट घेतली, ती सगळी चोरी की काय? अजिबात नाही. इथेच आपल्याला नीट वाचायला शिकायचं आहे.

सारा गूड यांचं १८८५ चं अमेरिकी पेटंट उघडा. या बाई शिकागोत फर्निचरचं दुकान चालवत होत्या. त्यांचा शोध म्हणजे घडी घातल्यावर लिहायचं टेबल होणारा पलंग, लहान जागेत राहणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी. इंटरनेटवरच्या याद्यांमध्ये त्यांच्यापुढे दोन गोष्टी चिकटवलेल्या दिसतात: ‘फोल्डिंग बेडचा शोध लावला’ आणि ‘अमेरिकेत पेटंट मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री’. दोन्ही विधानं टिकत नाहीत. दुसऱ्याबद्दल एवढंच सांगतो की जूडी रीड यांना कणीक मळण्याच्या यंत्राचं पेटंट १८८४ मध्येच मिळालेलं होतं. पहिल्याबद्दल तर खुद्द गूड यांचंच साक्षीपत्र आहे. त्यांच्या स्पेसिफिकेशनची सुरुवातच अशी की हा शोध अमुक प्रकारच्या, वापर नसताना दुमडून दुसऱ्या एखाद्या फर्निचरसारख्या दिसणाऱ्या पलंगांपैकी आहे. म्हणजे असा प्रकार आधीपासून होता हे त्या पहिल्याच दमात कबूल करतात. मग आपल्याला काय काय साधायचं आहे ते मोजून चार मुद्द्यांत सांगतात. घडी घातल्यावर टेबल व्हावं. उचलायच्या भागाचं वजन दुसऱ्या बाजूने तोलून धरलेलं असावं, म्हणजे ते हलकं वाटेल. उघडल्यावर भाग घट्ट राहावेत. आणि पलंग उघडताच मधोमध आधार आपोआप यावा.

तो चौथा मुद्दा पुन्हा वाचा. मधला आधार! तुतनखामेनच्या सुताराचाच प्रश्न. पण गूड यांचा शब्द ‘आपोआप’ हा आहे, आणि त्यांचं नवेपण त्या एका शब्दात आहे. आधार असणं जुनं, तो उघडण्याच्या क्रियेतूनच जागेवर येणं नवं. माझ्या मते संशोधनाची पोकळी कशी मांडावी याचा हा नमुना आहे, आणि तुमच्या डिपार्टमेंटमध्ये मिळणाऱ्या बहुतेक छापील नमुन्यांपेक्षा सरस आहे. आधी काय आहे, त्यात काय अडतं, मी त्यातलं नेमकं काय हलवलं, बस. ज्यांनी त्यांना ‘फोल्डिंग बेडची जननी’ केलं त्यांनी त्यांचा मान वाढवला नाही. त्यांच्या खऱ्या कामाचा तपशील तेवढा त्या मोठ्या शब्दाखाली झाकला गेला.

(पेटंट वाचताना एक सवय लावून घ्या. चित्र बघून थांबू नका आणि ॲब्स्ट्रॅक्टवर विसंबू नका. शेवटी दावे असतात, ते वाचा. दाव्यातला प्रत्येक शब्द म्हणजे कुंपणाचा एकेक खांब. त्याच्या बाहेरचं काही त्या माणसाच्या मालकीचं नाही.)

आता खाटेवरून उठून खुर्चीत बसू. इथे गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, आणि मला वाटतं जास्त अन्यायाचीही.

जोसेफ बेव्हर्ली फेन्बी या इंग्रज इंजिनिअरने १८७७ मध्ये ब्रिटनमध्ये आणि १८८१ मध्ये अमेरिकेत एका घडीच्या खुर्चीचं पेटंट घेतलं. लाकडी दांड्यांच्या कैच्या, सांध्यांवर धातूचे तुकडे, आणि वरच्या चार टोकांना अडकवलेली कापडाची झोळी. झोळी काढली की सगळा सांगाडा मिटून काठ्यांची मोळी होते. बसायला छान, न्यायला त्याहून छान. पुढे इटलीत तीच खुर्ची ‘ट्रिपोलिना’ नावाने विकली गेली.

मग १९३८ मध्ये ब्युनोस आयर्समध्ये आंतोनी बोनेत, हुआन कुर्चान आणि होर्हे फेरारी आर्दोय या तीन तरुण वास्तुरचनाकारांनी एक खुर्ची केली. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं घेऊन ती ‘बीकेएफ’ म्हणून ओळखली जाते, लोक तिला बटरफ्लाय म्हणतात. तुम्ही ती कॅफेत पाहिली असेल: वाकवलेल्या लोखंडी सळ्या, चार टोकं आणि त्यांवर लटकवलेलं चामडं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने ती संग्रहात घेतली. नॉल कंपनीने १९४७ पासून तिचं अमेरिकेत उत्पादन केलं, नकला करणाऱ्यांवर दावा लावला आणि तो हरली. अमेरिकेत मग नकलांचा पूर आला.

बीकेएफ दिसायला सुंदर आहे, यात वाद नाही. दोन वळवलेल्या सळ्यांमध्ये सगळा सांगाडा बसवणं ही मोठी काटकसर आहे. पण तिच्यात फेन्बीच्या खुर्चीतली मूळ गोष्ट उरलेली नाही. ती मिटत नाही! सळ्या एकमेकींना वेल्ड केलेल्या आहेत. आकार तोच, लटकती झोळी तीच, चार टोकं तीच. फक्त घडी गेली, जिच्यासाठी हा आकार जन्माला आला होता. भरीला तिच्यातून उठणं म्हणजे विहिरीतून वर येणं. साडी नेसलेल्या बाईला किंवा गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिच्यात बसवून बघा. तरीही डिझाइनच्या इतिहासाच्या पुस्तकात पानभर फोटो बीकेएफचा येतो आणि फेन्बी एका उपवाक्यात उरकला जातो.

आणि हे एकदाच झालेलं नाही.

आपल्याकडची रुडकी घ्या. तिथल्या लष्करी इंजिनिअरांच्या छावणीच्या नावावरून ‘रुडकी चेअर’ ओळखली जाते. १८९८ च्या सुमाराची. काळाच्या मानाने ती मला या सगळ्या घराण्यातली सर्वांत विचारी खुर्ची वाटते. चार पाय, चार आडवे दांडे. दांड्यांची टोकं निमुळती आणि पायांतली भोकंही निमुळती. सरस नाही, खिळा नाही. बसायचं कापड किंवा चामडं खालून आवळून बांधायचं. मोकळी असताना ती डुगडुगते, नवख्याला वाटतं मोडकी आहे. पण बसलात की वजनाने सांधे आपसूक घट्ट होतात, आणि सांधे थोडे सैल असल्यामुळेच खडबडीत जमिनीवरसुद्धा चारही पाय टेकतात. घट्ट चिकटवलेल्या चार पायांच्या खुर्चीला हे जमत नाही. ती तीन पायांवर उभी राहून चौथा हवेत हलवते. पाठीची पट्टी दोन खिळींवर फिरते, म्हणून बसणाऱ्याच्या पाठीप्रमाणे कलते. सगळं सुटं केलं की एक गाठोडं.

हिचा निर्माता कोण? नाव नाही. पुस्तकांत गावाचं नाव आहे, माणसाचं नाही. छावणीतल्या एखाद्या सुताराचा त्यात किती वाटा होता हा प्रश्न त्या पुस्तकांत विचारलेलाही दिसत नाही.

पुढे काय झालं बघा. डेन्मार्कमध्ये कोरे क्लिंट यांनी १९३३ मध्ये ‘सफारी चेअर’ केली. ती उघडउघड रुडकीवरून आहे, आणि क्लिंट यांची सगळी शिकवणच जुन्या वस्तू मोजून, त्यांतला अर्क ओळखून पुढे नेण्याची होती. सांधे सुटे ठेवले, बांधणी सुटी ठेवली. घराणं सांभाळलं म्हणायचं. त्याआधीच ल कोर्ब्युझिए, पिएर जानरे आणि शार्लोत पेरियाँ यांची फिरत्या पाठीची खुर्ची आली होती. तिच्यात रुडकीची कलणारी पाठ आहे, पट्ट्यांचे हात आहेत, पण सांगाडा पोलादी नळीचा, जोडलेला, कायमचा. ती गाठोड्यात बांधता येत नाही. पुन्हा तेच: वस्तू प्रवासातून दिवाणखान्यात आली आणि तिची घडी दारातच राहिली.

बैठकीची खुर्ची घडीची नसली म्हणून काय बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. काहीच नाही. बिघडतं ते वंशावळ लिहिताना. ‘अमुकची सुधारित आवृत्ती’ असं लिहिलं की वाचणारा समजतो की आधीचं सगळं आहे आणि वर काही वाढलंय. इथे कमी झालेलं आहे. आपल्या लिटरेचर रिव्ह्यूमध्येही हीच गफलत असते. नंतरचा पेपर आधीच्यापेक्षा पुढचा, असं धरून आपण तारखेच्या क्रमाने लिहीत जातो. नंतरच्याने काय सोडून दिलं हा रकाना तुमच्या तक्त्यात आहे का? नसेल तर काढा.

कागदावरचं नाव आणि खरा कर्ता यांच्यातलं अंतरही याच विषयात नीट दिसतं. अमेरिकेतली लाकडी फळ्यांची, रुंद हातांची आरामखुर्ची, जिच्यापासून पुढे ॲडिरॉन्डॅक चेअर झाली, ती न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टपोर्ट गावी १९०३ मध्ये थॉमस ली यांनी घरच्या माणसांना बसवून बसवून जमवली. त्यांनी ती हॅरी बनेल या सुतार मित्राला दाखवली. पेटंट १९०५ मध्ये निघालं, त्यावर नाव बनेल यांचं. लींना विचारलं नव्हतं असंच सगळीकडे सांगितलं जातं. पेटंट हा मालकीचा पुरावा आहे. जन्माचा दाखला म्हणून तो वापरायचा असेल तर शेजारपाजारी चौकशी करावी लागते.

आणि ज्या वस्तूला कागदच नाही तिचं काय? आपली बाज घ्या. विणलेल्या भागाच्या पायथ्याशी दोरीचे वेढे मोकळे ठेवलेले असतात. बाज झोळली की ते ओढून पुन्हा आवळायचे. वर केलेलं ५७ आणि ११४ किलोंचं गणित आठवा. दोरी वापराने सैल होणार, झोळ वाढणार, म्हणून ताण वाढवायची सोय विणीतच ठेवलेली. कॅन्व्हासच्या खाटेला ही सोय नसते, तिचं कापड एकदा लांबलं की लांबलं. आता कुणी पायथ्याशी ताण वाढवायची सोय असलेल्या खाटेवर संशोधन करत असेल आणि शोध फक्त डेटाबेसमध्ये घेत असेल, तर त्याला मैदान मोकळं दिसेल. डेटाबेसमध्ये ए४७सी हा वर्ग खुर्च्या, सोफे आणि पलंगांचा. त्यातला ४ हा गट घडीच्या आणि सुट्या होणाऱ्या खुर्च्यांचा, १७ आणि १९ मध्ये पलंगांचं बरंच काही सापडतं. तिथे शोधाच, पण ओसरीवरही शोधा.

कायद्याला हा प्रश्न कळतो. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ३ चं उपकलम ‘एफ’ सांगतं की माहीत असलेली साधनं, जी आपापलं काम ठरल्या रीतीने स्वतंत्रपणे करतात, त्यांची नुसती मांडणी किंवा फेरमांडणी हा शोध नव्हे. खाटेला मच्छरदाणी, दिवा आणि बाटलीची जाळी लावली म्हणून तो शोध होत नाही. मच्छरदाणी मच्छर अडवते, दिवा उजेड देतो, खाटेच्या ताणाशी दोघांचं काही देणंघेणं नाही. सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज हा निकाल जरूर वाचा. तो खाटेचा नाही, लेथवर भांडं धरून ठेवायच्या जुगाडाचा आहे. न्यायालयाने पेटंट रद्द ठरवलं, कारण जाणत्या कारागिराला रोजच्या कामात सुचेल अशी सुधारणा त्या मानाला पुरत नाही. आणि नुसतं रूप जपायचं असेल तर वाट वेगळी आहे, २००० चा डिझाइन कायदा. यंत्रणा एका दारातून, रूप दुसऱ्या. विद्यार्थी दोन्ही एकाच अर्जात कोंबतात.

मग अस्सल पुढची पायरी कशी दिसते? मला ओवेन मॅक्लॅरन यांचं उदाहरण पटतं. विमानांचे इंजिनिअर, स्पिटफायरची चाकं मिटवण्याच्या यंत्रणेवर काम केलेले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची ‘गॅडअबाउट’ नावाची खुर्ची केली. साधी घडीची खुर्ची एका दिशेने मिटते आणि चपटी होते. ही दोन्ही दिशांनी मिटते आणि छत्रीसारखी लांबट होते. तीच युक्ती पुढे त्यांच्या बाबागाडीत आली आणि ती गाडी जगभर गेली. आज डोंगरावर जाणारे लोक पिशवीतून काढतात त्या खुर्चीचे पाय मिटताना पाहा, कुळी ओळखू येईल. इथे दोन माहीत असलेल्या गोष्टी शेजारी ठेवलेल्या नाहीत. एका सांध्याची हालचाल दुसऱ्याला ओढून नेते. ‘एफ’ उपकलमातल्या ‘स्वतंत्रपणे’ या शब्दाचा अर्थ या खुर्चीवरून समजतो.

या क्षेत्रात काम उरलंय का, असं कुणी विचारेलच. सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात रात्री दहानंतर जा. पेशंटच्या पलंगाशेजारी नातेवाईक झोपतात, कुणी चटईवर, कुणी भाड्याच्या नाहीतर घरून आणलेल्या घडीच्या खाटेवर. खाट बुटकी असते, कारण दिवसा ती पलंगाखाली सरकवायची असते. त्यावर साठ-पासष्टची आई झोपलेली असते आणि रात्रीतून चार वेळा उठते. कैचीचे पाय उंच केले तर खाट पलंगाखाली जात नाही, बुटके ठेवले तर गुडघे उठू देत नाहीत. दुमडताना बोटं सापडतात ते वेगळंच, आणि पाठ टेकायला मधेच कुठे आधार नाही. गूड यांचा ‘आपोआप’ इथे लावून बघा: उठण्याच्याच क्रियेत दांडा वर येईल अशी काही सोय? आधी कुणी केली असेलही. दावे वाचा, वॉर्डातल्या मावशींना विचारा, आणि जाताना मोजपट्टी घेऊन जा: पलंगाखालची मोकळी उंची, खाटेची उंची आणि झोपलेल्या माणसाचा गुडघा, तिन्ही सेंटिमीटरमध्ये.